पॅरिसचा अंदाज, उमरेडचा कोळसा

कोळशाचे दिवस भरले, अशी द्वाही जगात अनेकदा फिरली आहे. डिसेंबर २०२० मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने अंदाज वर्तवला, की कोळशाच्या मागणीचे शिखर बहुधा २०१३ मध्येच होऊन गेले आणि २०२५ पर्यंत ती ७४० कोटी टनांच्या आसपास स्थिरावेल. प्रत्यक्षात २०२४ मध्ये जगाने सुमारे ८८० कोटी टन कोळसा वापरला. अंदाज हुकला तो १४० कोटी टनांनी, म्हणजे भारताच्या वर्षभराच्या एकूण वापराहूनही जरा जास्तच.

या तज्ज्ञांना हसण्यात अर्थ नाही. टाळेबंदीच्या वर्षात बसून पुढचे पाहायचे होते. नंतर २०२१ मध्ये उद्योग एकदम उसळले, २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, गॅस परवडेनासा झाला आणि कोळशाला नाके मुरडणारा युरोपही काही काळ त्याच्या दारी गेला. पण खरा घोळ वेगळाच होता. सगळ्यांची नजर लंडन-बर्लिनवर आणि मागणी वाढत होती आशियात. ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफचे शेवटचे कोळसा वीजकेंद्र बंद केले. १८८२ मध्ये लंडनच्या होलबर्न व्हायाडक्टवर सुरू झालेली कोळशाच्या विजेची गोष्ट तिथे संपली. बातमी मोठी, टन मात्र थोडे. जगातला निम्म्याहून अधिक कोळसा एकटा चीन जाळतो. तिथे पाऊस कमी होऊन जलविद्युत घटली, की युरोपने वर्षभर वाचवलेला कोळसा त्यात सहज जिरून जातो.

याच संस्थेचा जुलै २०२५ चा अंदाज सावध होता: २०२५ मध्ये किंचित वाढ, २०२६ मध्ये किंचित घट. म्हणजे शिखर नव्हे, पठार. मला हे पटते.

भारताने २०२४-२५ मध्ये पहिल्यांदाच १०० कोटी टन उत्पादनाचा टप्पा ओलांडला आणि वर्षअखेर १०४ कोटी टनांच्या पुढे मजल गेली. आयात घटली. २०२२ च्या एप्रिलमध्ये वीजकेंद्रांचे साठे तळाला गेले होते आणि कोळशाच्या मालगाड्यांना वाट द्यायला रेल्वेने प्रवासी गाड्या रद्द केल्या होत्या. तो धसका सरकारने चांगलाच घेतला. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटवर पोहोचली, तेव्हा साठ्यांची तशी ओरड झाली नाही. उलट २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला, कूलर-एसी थंडावले आणि कोळशाची मागणी चक्क घटली. आठवडाभर आधी आलेला मॉन्सून असा कोट्यवधी टनांचा हिशेब फिरवतो. पॅरिसच्या तक्त्यात त्याची सोय कशी करणार?

मग नागपूरकराने यातून काय घ्यायचे? वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपली वेकोलि, १९७५ पासून इथूनच चालते. उमरेड, सावनेर, कामठीपासून चंद्रपूर, वणी आणि पलीकडे छिंदवाडा, बैतूलपर्यंत तिच्या खाणी. २०२३-२४ चे उत्पादन सुमारे ६.९ कोटी टन. या पट्ट्याशी नागपूरची ओळख त्याहून बरीच जुनी. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी कामठी, सिलेवाड्याच्या दगडांतून प्राचीन वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले ते १८५० च्या दशकात. भूशास्त्रात ‘कामठी’ हे खडकांच्या एका थराचे नाव आजही चालते.

जगाची मागणी टिकली म्हणजे विदर्भाचा कोळसाही टिकला, असे आपण गृहीत धरतो. माझा आक्षेप इथे आहे. वेकोलिच्या खुल्या खाणींत एक टन कोळसा काढायला चारहून अधिक घनमीटर माती-दगड उपसावा लागतो. ओडिशाच्या तालचेर-ईब पट्ट्यात एखाद-दीड घनमीटरवर भागते. भूमिगत खाणी तर त्याहून खर्चिक. म्हणून काही खाणींचा कोळसा खर्चाधारित, चढ्या दराने विकावा लागला आणि त्यावरून वेकोलि आणि राज्याची वीजनिर्मिती कंपनी महानिर्मिती यांच्यात कुरबुरी झाल्या. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरची केंद्रे या खाणींच्या उशाशी, तरी महानिर्मितीने छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यातली गारे पेलमा-२ खाण घेतली. शेजारच्या दुकानातला माल महाग पडला, की गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जाणारच. मागणी पठारावर आली, की स्वस्त खाणी चालू राहतात आणि महाग खाणी आधी मिटतात. जगाची घट एक टक्का असेल, तेव्हा आपली दहा टक्के असू शकते.

सूर्याचा मामला वेगळा. राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून सुमारे १६ हजार मेगावॅट उभारायचे ठरले आहे. शेतीपंप दिवसा सौरविजेवर गेले, की औष्णिक संचांना दुपारी भार ५५ टक्क्यांपर्यंत उतरवावा लागेल आणि दिवेलागणीला पुन्हा चढवावा लागेल. कोळसा लागेलच, पण कमी तास. एवढे असून कोराडीत ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्याचा प्रस्ताव आला. मे २०२३ च्या जनसुनावणीत त्यावर वाद झाला. जुलै २०२२ मध्ये याच केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटून राख शेतांत आणि नदीनाल्यांत शिरली होती. ते लोक विसरलेले नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घुग्घूसला जुन्या भूमिगत खाणीच्या परिसरात एक घर बघता बघता जमिनीत गडप झाले.

खाण मिटणे विदर्भाला नवे नाही. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ च्या सुमारास सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. कोळशासाठी टाकलेला वर्धा-वरोरा लोहमार्ग मात्र राहिला, पुढे दिल्ली-चेन्नई मार्गाचा भाग झाला आणि गाव तगले. आजच्या खाणगावांना असे काय उरणार? वेकोलिने भानेगाव, गोंडेगावच्या उपशातून वाळू काढली, खाणीचे पाणी वीजकेंद्राला आणि प्यायला दिले, सावनेरला खाण-पर्यटन सुरू केले. उपक्रम चांगले आहेत, पण खाणीवरच्या रोजगारांची जागा त्यांनी भरून निघणार नाही.

केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार २००९ पासून प्रत्येक खाणीला बंद करण्याचा आराखडा असावा लागतो आणि त्यासाठी दरवर्षी स्वतंत्र एस्क्रो खात्यात पैसे भरावे लागतात. उमरेड, सावनेर, वणी, राजुऱ्याच्या ग्रामपंचायतींनी आपापल्या खाणीचा आराखडा मागवून घ्यावा, त्यात बंद होण्याचे साल काय लिहिले आहे आणि खात्यात किती रक्कम जमली आहे, हे ग्रामसभेत वाचून दाखवावे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.