चार बॉक्स, एक अँप्लिफायर आणि ओहमचा हिशेब

जयंतीच्या रात्रीचा कार्यक्रम. भीमगीत रंगात आले होते. ढोलकी, की-बोर्ड आणि बेस गिटारचा ठेका जमला होता. एवढ्यात बेसचा आवाज फाटला, जळका वास आला आणि अँप्लिफायर बंद पडला. आमच्या वस्तीत काही वर्षांपूर्वी घडलेली ही गोष्ट. बेस दणक्यात वाजावा म्हणून आम्ही कार्यकर्त्यांनी एकाच अँप्लिफायरला चार बॉक्स जोडले होते. त्यात मीही होतो. वर्गणीच्या पैशातून घेतलेले यंत्र आमच्या अज्ञानाने जळाले.

चूक काय झाली, हे नंतर समजले. प्रत्येक बॉक्समागे ४ किंवा ८ ओहम असे लिहिलेले असते. ओहम म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध. एका बॉक्समधून दुसऱ्यात वायर नेली की ती बहुधा समांतर जोडणी होते. प्रवाहाला वाटा वाढतात, म्हणून विरोध कमी होतो. ८ ओहमचे दोन बॉक्स मिळून ४ ओहम, तीन मिळून सुमारे २.७ आणि चार मिळून २. आमच्या अँप्लिफायरवर ‘किमान ४ ओहम’ असे स्पष्ट छापलेले होते. आम्ही त्याच्यावर दुप्पट प्रवाहाचा बोजा टाकला. ट्रान्झिस्टर तापले आणि गेले.

मग चार बॉक्स लावायचेच असतील तर? दोन दोन बॉक्सची एकसर जोडणी केली की प्रत्येक जोडी १६ ओहमची होते. त्या दोन जोड्या समांतर जोडल्या की एकूण ८ ओहम येतात. अँप्लिफायर सुरक्षित राहतो. मात्र चारही बॉक्स सारखे हवेत आणि ही जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी. याहून सोपा मार्ग दुसऱ्या अँप्लिफायरचा. पहिल्याच्या ‘लाइन आऊट’मधून दुसऱ्याला सिग्नल द्यावा आणि प्रत्येकाला दोन बॉक्स जोडावेत. स्पीकरच्या सॉकेटमधून दुसऱ्या अँप्लिफायरला वायर कधीही देऊ नये.

४ आणि ८ ओहमचे बॉक्स समांतर जोडले, तर ४ ओहमचा बॉक्स दोन-तृतीयांश शक्ती ओढतो. बिचारा आधी तोच फाटतो. गिटारची वायर आणि स्पीकरची वायर यांची पिन सारखी दिसते, पण गिटारच्या वायरमधली तार बारीक असते. ती स्पीकरला लावल्यास तापते. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर बॉक्स न जोडता चालू करू नये. जोडणी बदलताना यंत्र आधी बंद करावे.

आणखी एक. वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही, तो फक्त ३ डेसिबलने वाढतो. तेवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. त्यासाठी यंत्र पणाला लावण्यात शहाणपण नाही. शिवाय बेसखाली गायकाचे शब्द दबले, तर प्रबोधन कशाने होणार?

आपल्या वस्त्यांतून आयटीआय झालेली मुले-मुली आहेत. जयंतीच्या तयारीच्या बैठकीत त्यांना बोलवा. मंडप, पुष्पहार, भोजनदान यांच्या जोडीने ओहमचा हिशेबही वहीत मांडा. विज्ञाननिष्ठ धम्माचे आपण अनुयायी. यंत्राच्या पाठीवरचे दोन आकडे वाचणे, एवढे तरी आपल्याला जमलेच पाहिजे.