आगरकरांची पत्रकारिता : धर्म, कायदा आणि लोकमत

प्रास्ताविक :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी पत्रकारापुढे दोन सत्ता उभ्या होत्या. एक परकीय सरकारची आणि दुसरी रूढीची. पहिलीचा रोष ओढवल्यास तुरुंग वाट्याला येई, तर दुसरीचा ओढवल्यास वाचक आणि आप्तस्वकीय दुरावत. गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) यांनी दोन्हींची किंमत मोजली. धर्म, कायदा आणि लोकमत यांच्या परस्परसंबंधाविषयी त्यांची भूमिका काय होती, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

'केसरी' ते 'सुधारक' :

जानेवारी १८८१ मध्ये सुरू झालेल्या 'केसरी'चे आगरकर पहिले संपादक होत. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. म्हणजेच आगरकर हे राजकीय प्रश्नांविषयी उदासीन होते, हा समज निराधार ठरतो. मतभेद होता तो सामाजिक सुधारणेच्या निकडीविषयी. तो विकोपास गेल्यावर १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये 'सुधारक' हे मराठी-इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. त्याच्या इंग्रजी विभागाची जबाबदारी गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली.

धर्म आणि सार्वजनिक जीवन :

मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांचा आगरकरांवर खोल प्रभाव होता. 'देवतोत्पत्ति'सारख्या लेखनात त्यांनी देवकल्पनेची मीमांसा मानवी मनाच्या विकासक्रमातून केली. यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. धर्माचार हे मनुष्यनिर्मित असतील, तर त्यांची बुद्धीच्या कसोटीवर परीक्षा करणे हा अधर्म ठरत नाही. व्यक्तीची श्रद्धा ही तिची खाजगी बाब असू शकते. परंतु बालविवाह किंवा विधवेचे केशवपन यांचे परिणाम अशा व्यक्तीवर होतात, जिची संमती कोणी विचारलेलीच नसते. म्हणून हे विषय केवळ धर्माचे राहत नाहीत, ते न्यायाचे होतात.

संमतिवयाचा वाद :

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींच्या बाबतीत शरीरसंबंधाची वयोमर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली. परकीय सरकारने धार्मिक बाबतीत हस्तक्षेप करू नये, सुधारणा समाजाच्या अंतरंगातून व्हावी, अशी टिळकांची भूमिका होती. ती तर्कशून्य नव्हती. ज्या सरकारला प्रजा जाब विचारू शकत नाही, त्याच्या हाती गृहजीवन सोपविण्यात धोका होताच. आगरकरांनी कायद्याचे समर्थन केले, ते पीडित व्यक्तीच्या बाजूने विचार करून. समाजमत परिपक्व होईपर्यंत थांबावे, असे म्हणताना त्या विलंबाचे दुःख दहा-अकरा वर्षांची मुलगी भोगते, ही बाब नजरेआड होत असे.

लोकमत आणि पत्रकार :

वृत्तपत्र वाचकांवर जगते. पण बहुमत म्हणजे सत्य नव्हे, हे आगरकरांच्या लेखनाचे सूत्र होते. 'गुलामांचे राष्ट्र' या निबंधात गुलामगिरीचा विचार त्यांनी केवळ परसत्तेपुरता ठेवला नाही. या निर्भीडपणामुळे पुण्यातील सनातन्यांनी ते हयात असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. चाळिशी गाठण्यापूर्वीच १७ जून १८९५ रोजी त्यांचे निधन झाले.

मर्यादा :

आगरकरांच्या लेखनात प्रामुख्याने पांढरपेशा वर्गाचे, विशेषतः त्यातील स्त्रियांचे प्रश्न येतात. शेतकरी आणि शूद्रातिशूद्र यांच्या शोषणाची मीमांसा महात्मा फुले यांच्या ग्रंथांतून आणि १८७७ मध्ये सुरू झालेल्या 'दीनबंधु'तून अधिक प्रखरपणे झाली. बुद्धिवादाच्या प्रभावावर आगरकरांनी ठेवलेला विश्वासही काहीसा अतिरिक्त वाटतो.

समारोप :

राजकीय स्वातंत्र्य आणि सामाजिक स्वातंत्र्य यांत पौर्वापर्य लावता येत नाही, हे आगरकरांच्या विचारांचे सार होय. १९५० पासून संविधानाने धर्मस्वातंत्र्य मान्य करतानाच अनुच्छेद २५ मध्ये समाजसुधारणेच्या कायद्यांना वाव ठेवला आहे. कायदा आता परकीयांचा राहिलेला नाही. त्यामुळे विरोधाचे जुने कारण उरलेले नाही. तथापि समूहाच्या भावना आणि व्यक्तीची प्रतिष्ठा यांत संघर्ष उद्भवल्यास लेखणीने कोणाची बाजू घ्यावी, हा प्रश्न मात्र कायम आहे. आगरकरांनी त्याचे उत्तर स्वतःच्या वाचकांच्या विरोधात जाऊन दिले, यातच त्यांच्या पत्रकारितेचे मोल आहे.