मांजऱ्या खडकाची दौलत

जीवाश्म शोधायला निघालेल्या हौशी माणसाची पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, डिंभ्याच्या परिसरात सुरुवातीलाच निराशा होते. घोड नदीवर उभ्या असलेल्या हुतात्मा बाबू गेनू सागराच्या भिंतीपासून वर भीमाशंकरपर्यंत आणि खाली मंचरपर्यंत, जिकडे पाहावे तिकडे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला हा लाव्हा. हजार अंशांहून तापलेल्या त्या रसात हाड कसले टिकणार आणि पान कसले!

लाव्हाचे दोन उद्रेक आणि मधली उसंत, असे जिथे घडले तिथे मात्र तळी साचली आणि त्यांच्या गाळात जीव जपले गेले. नागपूरजवळ टाकळीला स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी असेच शंखशिंपले आणि वनस्पतींचे अवशेष वेचले आणि १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. मुंबईत वरळीच्या टेकडीतून चिमुकल्या बेडकांचे सांगाडे निघाले. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले. हिस्लॉप आणि हंटर यांचा मूळ धंदा धर्मप्रसाराचा. दगड हा फावल्या वेळचा नाद.

आंबेगाव-जुन्नरचा हौशी माणूस त्याच जातकुळीचा, फक्त त्याची नजर वेगळ्या जागी लागलेली असते. तो गाळाचा थर शोधत नाही, दगडातली पोकळी शोधतो. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे कोमट-उष्ण पाणी खडकातून झिरपत राहिले, त्याने खडकातलीच द्रव्ये विरघळवून या पोकळ्यांत आणून ठेवली. आधी भिंतीला सेलॅडोनाइटचा हिरवा मातकट लेप बसला, मग गारेचा थर आणि त्यावर झिओलाइटचे स्फटिक: मोत्यासारखी झाक असलेला ह्यूलँडाइट, मधे आवळलेला आणि दोन्ही टोकांना फुललेला स्टिल्बाइट, सुयांच्या जुडग्यांचा स्कोलेसाइट. पुष्कळदा सर्वांत शेवटी येतो तो काचेसारखा चौकोनी अपोफिलाइट. तो झिओलाइट नव्हे, पण राहतो त्यांच्याच घरात. असा पोकळ्यांनी भरलेला खडक म्हणजे विहिरीवाल्यांचा मांजऱ्या. काळा पाषाण सुरुंग मागतो, मांजऱ्या पुष्कळदा पहारीलाही दाद देतो.

या परिसराचे नाव भूविज्ञानात आधीच कोरलेले आहे. पश्चिम घाटातल्या लाव्हाची जी क्रमवारी लावली गेली, तिच्यातल्या एका थरसमूहाचे नाव ‘भीमाशंकर’ आहे. त्याच्या खाली आणि वर दोन वेगळेच थर सापडतात. त्यांत प्लॅजिओक्लेज या खनिजाचे स्फटिक काही सेंटिमीटर लांबीपर्यंत वाढलेले, काळ्या दगडात फिकट पट्ट्या ओढल्यासारखे दिसतात. खालच्याला ‘मंचर’ म्हणतात, वरच्याला ‘गिरवली’. ज्या गिरवलीच्या डोंगरावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे, तीच ही गिरवली. माथ्यावरून आकाश पाहायचे आणि पायथ्याला दगड, अशी सोय फार थोड्या गावांना असते.

हा नाद आजचा नाही. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३० च्या दशकात दख्खनच्या खडकांवर लिहिले तेव्हाच झिओलाइटची नोंद केली होती. पुढे बोरघाटातली रेल्वे खोदली गेली, १८६३ मध्ये ती सुरू झाली, आणि तिथल्या बोगद्यांतून निघालेले स्फटिक ब्रिटनमधल्या संग्रहांत जाऊन बसले. विसाव्या शतकात पुण्याच्या पाषाण भागातल्या हिरव्या अपोफिलाइटने नाव कमावले. तो हिरवा रंग व्हॅनेडियमच्या अंशामुळे येतो. मग वाघोली. तिथल्या खाणींत १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅव्हन्साइटचे गर्द निळे गोळे मिळू लागले. हे खनिज जगाला पहिल्यांदा ठाऊक झाले ते अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, ओवायही धरणाजवळ. पण संग्राहकांच्या कपाटातला उत्तम कॅव्हन्साइट म्हटला की तो वाघोलीचाच.

आता कारागिरीकडे वळू, कारण पोकळी सापडणे हा यातला सोपा भाग आहे.

होळीनंतर विहिरी खोल करायला घेतात. यारी लागते, कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर येतो, सुरुंग उडतात आणि राडारोडा काठावर येऊन पडतो. जाणकार माणूस आधी हा ढीग पाहतो. मालकाची परवानगी घेतल्याशिवाय आणि सुरुंगवाल्याने खूण दिल्याशिवाय तो आत उतरत नाही; न उडालेला बार आणि सुटलेली कड कुणाचीही हौस विचारात घेत नाहीत. ढिगात हिरवट मातीचा लेप दिसला की तो उकिडवा बसतो. मोठी पोकळी शाबूत मिळाली तर नवखा माणूस स्फटिकाच्या बुडाशीच छिन्नी लावतो आणि हातात तुकडे येतात. मुरलेला माणूस स्फटिकापासून वीतभर दूर, खडकात चर पाडत जातो. स्फटिक ज्या दगडावर वाढला तो दगड नमुन्याचा भागच असतो, ही त्याची पहिली शिकवण. घाव दगडाला द्यायचा, धक्का स्फटिकाला पोहोचू द्यायचा नाही. अपोफिलाइटला तर आडवा फुटण्याची जन्मजात सवय: एका पातळीत तो इतका सहज चिरतो की चुकीच्या बाजूने बसलेला हलका टोलाही त्याचे डोके सपाट उडवतो.

मग बांधणी. वर्तमानपत्राचे थर, वर गोणपाट आणि मधे भाताचा पेंढा, जो या मावळपट्टीत कधी कमी पडत नाही. एकही नमुना दुसऱ्याला टेकता कामा नये.

घरी आल्यावर सगळ्यांत मोठा मोह असतो लगेच धुण्याचा. झिओलाइटच्या अंगात पाणी असते, ते त्याच्या रचनेतच गुंतलेले. उन्हात वाळवायला ठेवणे किंवा गरम पाणी ओतणे म्हणजे त्याच्याशी वैर. लॉमॉन्टाइट तर कोरड्या हवेतही आपले पाणी सोडतो आणि काही काळाने भुगा होऊन बसतो. ओकेनाइट याउलट. त्याचे गोळे फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखे, पाणी लागले की तंतू एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा कधी फुलत नाहीत. त्याला फक्त फुंकर चालते. बाकीच्यांना साधे थंड पाणी आणि रंगाचा मऊ ब्रश.

पुढची पायरी आम्लाची, आणि तिथेच सर्वाधिक माल वाया जातो. कॅल्साइटचा पांढरा थर उडवायला कुणी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले तर कॅल्साइट जातो खरा, पण स्कोलेसाइट आणि मेसोलाइटसारख्या झिओलाइटांचा त्याच आम्लात लगदा होतो. लोखंडाचे तांबूस डाग काढायला सौम्य ऑक्झॅलिक आम्ल वापरतात. ते विषारी, म्हणून हातमोजे हवेत आणि नंतर पाणी बदलत बराच काळ भिजवणे आले. जुने हात मात्र सहसा डाग तसाच राहू देतात. डाग हा त्या खडकाचा इतिहास, आणि ओरखडा हा आपला.

गोंद हा या धंद्यातला कलंक. बाजारात ओकेनाइटचे रंगवलेले गोळे मिळतात, स्टिल्बाइटवर चिकटवलेला कॅव्हन्साइटही मिळतो. जीवाश्माचे शास्त्र इथे वेगळे, तिथे चिकटवणे हा कलंक नव्हे. बेसाल्टात जीवाश्म नसले तरी घोड आणि कुकडीच्या काठच्या गाळात माणसाचे जुने जग दडले आहे. जुन्नर तालुक्यातल्या बोरीला कुकडीकाठी ज्वालामुखीची राख आणि अश्मयुगीन हत्यारे मिळाली. ती राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची मानतात, पण कोणत्या उद्रेकाची यावर वाद आहे: काहींच्या मते सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची, काहींच्या मते कितीतरी जुनी. नदीच्या अशा गाळात हाड निघाले तर ते ठिसूळ असते. त्याला प्लास्टरचे कवच आणि पातळ राळ लागतेच, नाहीतर ते हातात भुसभुशीत होते. हाडाला आधार दिल्याशिवाय ते टिकत नाही. स्फटिकाला आधार दिला की तो खोटा ठरतो. आणि गाळातले काही दिसले तर हात न लावता पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवणे उत्तम, कारण तिथे वस्तूइतकीच ती ज्या थरात होती तो थर मोलाचा.

थराची हीच किंमत स्फटिकाच्या बाबतीत चिठ्ठीला येते. गाव, विहीर की खाण, किती खोलीवर, कोणत्या साली, शेजारी कोणती खनिजे होती. सिन्नरला के. सी. पांडे यांनी उभारलेले ‘गारगोटी’ संग्रहालय पाहायला माणसे लांबून येतात. तिथले सौंदर्य डोळ्यांना दिसते, पण अभ्यासकाची नजर पहिल्यांदा पाटीवर जाते. वाघोली आता पुणे महापालिकेत गेली. शहर वाढते तशी खाण बुजते, मग तिथल्या खडकाची साक्ष देणारे नमुनेच उरतात, आणि तेही चिठ्ठी शाबूत असली तरच. बिनचिठ्ठीचा सुंदर स्फटिक शोभेचा, चिठ्ठीचा ओबडधोबड स्फटिक पुराव्याचा.

म्हणून या छंदाची पथ्ये थोडी, पण कडक. भीमाशंकर अभयारण्यातून दगड उचलायचा नाही. जुन्नरच्या लेण्यांत भिंतीतला एक कणही सोलायचा नाही. विहिरीचा मालक हो म्हणाला तरच ढिगाला हात. आणि चिठ्ठी लिहायची ती विहिरीच्या काठावरच, घरी गेल्यावर नव्हे.

डिंभ्याच्या कालव्यांनी आणि विहिरींनी या तालुक्याचा खडक जितका उघडा केला, तितका कुठल्याही भूवैज्ञानिकाने केला नसता. शेतकऱ्याला हवे असते पाणी. पोकळीतला स्फटिक त्याच्या कामात आडवा येतो, आणि राडारोड्याबरोबर तो बांधाच्या भरावात जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण मंचर, घोडेगाव, नारायणगावच्या एखाद्या शाळेत एक कपाट आणि एक वही ठेवली, विहिरीवाल्यांना तिथे दगड आणून देण्याची सवय लागली, तर ‘मंचर’ आणि ‘गिरवली’ ही नावे शोधनिबंधांतून इथल्या मुलांच्या हातात येतील. जोडीला एक मऊ ब्रश आणि थंड पाण्याची बादली. खर्च एवढाच आहे.