शरदातील सुई-दोरा

कोजागिरीचे आटीव दूध पिऊन झाले, की दिवस आखडू लागल्याची जाणीव घराघरांत होऊ लागते. बेळगाव-धारवाडकडे पहाटे पायाशी सारलेली चादर पुन्हा अंगावर ओढली जाते. ग्वाल्हेर-इंदूरकडे ट्रंकांतील लोकरीच्या कपड्यांना ऊन दाखविण्याची आठवण होते. आणि गोव्यात पावसाने चार महिने अडवून धरलेले अंगण एकदाचे मोकळे होते. दिवेलागणी अलीकडे सरकते. दिवाळीची धांदल ओसरली, की संध्याकाळचा तास-दीड तास असा हाती लागतो, की त्याच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नसतो. त्या तासाला शोभेल अशा एका जुन्या छंदाविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. हा छंद म्हणजे फुलीच्या टाक्याचे भरतकाम.

हे नाव ऐकताच अनेकांना आजोळच्या दिवाणखान्यातील काचेच्या चौकटीत बसविलेला दोसुतीवरचा मोर आठवेल, किंवा पोपटांच्या जोडीखाली भरलेली ‘सुस्वागतम्’ ही अक्षरे आठवतील. तो मोर अगदी जवळ जाऊन पाहिला, तर लहान लहान चौकोनी घरांखेरीज काही दिसत नाही. चार पावले मागे सरा. त्याच घरांतून बाकदार मान आणि पिसारा उभा राहतो. ही सारी किमया मोजणीची आहे. इतर भरतकामात कापडावर आधी चित्र उमटवून घेतात आणि रेषेवरून सुई चालवितात. येथे कापड कोरेच असते. चौकटींच्या कागदावरील नमुना समोर ठेवावयाचा आणि आडवे-उभे धागे मोजीत पुढे जावयाचे. ठिपक्यांची रांगोळी घालणारी मुलगी अंगणात जे गणित करते, तेच येथे कापडावर करावयाचे.

टाका तर अगदी सोपा. डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातून सुई वर काढून उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात खाली घातली, की अर्धे काम झाले; उरलेल्या दोन कोपऱ्यांतून दुसरी तिरपी रेघ आणली, की फुली पुरी झाली. ओळ भरताना जाताना सगळ्या अर्ध्या फुल्या घालाव्यात आणि परतताना त्या पुऱ्या कराव्यात. नियम एकच, पण तो कडक आहे : वरची रेघ सर्व फुल्यांत एकाच दिशेची असली पाहिजे. एखादी उलट गेली, तर तेवढ्याच जागी दोऱ्याची चकाकी निराळी पडते. मोजणीत एका धाग्याची चूक झाली, तर ती त्या क्षणी कळत नाही. वेल चारी बाजूंनी फिरून आली म्हणजे टोकाशी टोक जुळत नाही. माझ्या एका मावशीने अशा चुकीपायी पंधरा दिवसांचे काम उसवून पुन्हा भरल्याचे मला आठवते. “कोणाच्या लक्षातही आले नसते,” असे कोणीतरी म्हणाले, तेव्हा “माझ्या तर येतच राहिले असते!” एवढेच तिने उत्तर दिले.

हा टाका परदेशी पुस्तकांतून आला, असे पुष्कळांस वाटते. नमुन्यांच्या पुस्तकांपुरते ते खरेही आहे; परंतु फुलीच्या टाक्याचे एक घर आपल्या अगदी शेजारी आहे. धारवाड-बेळगाव भागातील कसुतीचा कशिदा आपल्यापैकी अनेकांनी इरकली लुगड्याच्या पदरावर किंवा काळ्या चंद्रकळेवर पाहिला असेल. त्याचे मुख्य टाके चार : गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे आपला फुलीचाच टाका. मेथीच्या दाण्यावरून त्याला हे नाव पडले. गोपुर किंवा रथ अशा भरगच्च आकृती त्याने भरतात. नावे कानडी, लुगडे नेसणारी पुष्कळदा मराठी, आणि पदरावर हत्ती, पालखी व दोघींच्याही अंगणातले तुळशीवृंदावन! सुईने भाषेची सीमा कधी विचारली नाही.

यांतील गवंतीचा टाका विशेष लक्ष देण्याजोगा आहे. साधा धावदोरा घालीत पुढे जावयाचे, म्हणजे एक घर भरलेले व एक रिकामे असा क्रम पडतो. त्याच वाटेने परत येताना रिकामी घरे भरावयाची. परिणामी कापडाची सुलटी आणि उलटी बाजू सारखीच दिसते. कोठेही गाठ मारावयाची नाही, आणि वाट अशी आखावयाची, की प्रत्येक फाट्यावर जाऊन दोरा निघाल्या जागी परत यावा. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका ही वाट मनात आखीत आल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘बायकांचे रिकामपणाचे उद्योग’ हे शब्द तोंडातून काढताना संकोच वाटेल. या कशिद्याला चालू शतकाच्या पहिल्या दशकात भौगोलिक मानांकन लाभले आहे.

गंमत अशी, की हाच दुहेरी धावदोरा युरोपात चित्रकार होल्बाइन याच्या नावाने ओळखला जातो. हा चित्रकार १५४३ मध्ये वारला. त्याने रंगविलेल्या व्यक्तिचित्रांतील गळपट्ट्या आणि बाह्यांच्या कडा या टाक्याने सजलेल्या दिसतात. म्हणून टाक्याला नाव मिळाले ते चित्रकाराचे, भरणारीचे नव्हे.

परंतु एक अपवाद आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात टाक्यांचे नमुने भरलेले एक इंग्रजी कापड आहे. त्यावर जेन बोस्टॉक हे नाव आणि १५९८ हे साल सुईनेच भरलेले आहे. साल घातलेल्या इंग्रजी नमुन्यांपैकी उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना. त्या बाईने आपले नाव भरले, म्हणून चारशे वर्षांनंतरही आपण तिला नावाने ओळखतो.

या कामाचे सामर्थ्य दाखविणारे दुसरे उदाहरण एका पुरुषाचे आहे. ब्रिटिश सैन्यातील मेजर अ‍ॅलेक्सिस कॅसडाग्ली दुसऱ्या महायुद्धात क्रीट बेटावर पकडले गेले. डिसेंबर १९४१ मध्ये जर्मन बंदीछावणीत, एका जुन्या स्वेटरचे उसवलेले धागे घेऊन त्यांनी फुलीच्या टाक्याचा एक नमुना भरला. त्याच्या किनारीतील ठिपके व रेघा म्हणजे तारायंत्राची मोर्स लिपी होती. तीत स्वतःच्या राजासाठी प्रार्थना आणि हिटलरला सणसणीत शिवी होती! पहारेकऱ्यांनी ते काम कौतुकाने प्रदर्शनात मांडले. बंदिवासातील रिकामा वेळ ज्याने असा भरून काढला, त्याच्या सुईला क्षुल्लक कोण म्हणेल?

ज्यांना यंदा आरंभ करावयाचा असेल, त्यांनी सुटसुटीत विणीचे दोसुतीचे कापड आणि बोथट टोकाची सुई घ्यावी. भरतकामाच्या लडीत सहा पदर असतात. त्यांतील दोन किंवा तीनच एका वेळी ओवावेत. दोरा हातभरापेक्षा लांब नसावा, नाहीतर तो घासून विटतो. कापडाची दोनदा घडी घालून मध्य काढावा आणि तेथूनच भरावयास लागावे. एका इंचात चौदा फुल्या बसत असतील, तर सत्तर फुल्यांच्या नमुन्याला पाच इंच लागतील. याखेरीज चारी बाजूंस चौकटीसाठी मोकळे कापड ठेवावे. लाल दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून त्याचा रंग जातो का, हे आधी पाहावे. काम थांबविताना कापड गोल चौकटीतून काढून ठेवावे, म्हणजे वळ पडत नाहीत.

यंत्र हेच काम काही मिनिटांत करील, हे खरे. पण यंत्राने भरलेल्या मोरात कोणाच्या संध्याकाळी साठलेल्या नसतात. आपल्या आज्यांच्या संध्याकाळी भिंतीवर टांगलेल्या आहेत, आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्यावर नाव नाही. दोन पिढ्यांनंतर तो मोर ‘कोणीतरी केलेला’ होतो आणि एखाद्या रंगकामाच्या वेळी माळ्यावर जातो. म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते : स्वतःचे काम पुरे झाले, की खालच्या कोपऱ्यात बारीक फुल्यांनी आपले नाव आणि साल भरा. आणि घरात जुनी चौकट असेल, तर आजच एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारा, “हे कोणी केले?” जे नाव कळेल, ते चौकटीच्या पाठीमागे लिहून ठेवा. सांगणारे माणूस अजून घरात आहे, तोवरच हे काम सोपे आहे.