रेघेची जाडी

संगणकाच्या काळ्या पडद्यावर पिवळी रेघ सगळ्यात ठसठशीत दिसते. पांढऱ्या कागदावर ती पिवळीच छापली गेली, तर जवळजवळ दिसेनाशी होते. खोल्यांची मापं पिवळ्या रंगात लिहिलेली असतील, तर ए१ आकाराचा अख्खा कागद नकाशे छापणाऱ्या प्लॉटरमधून बाहेर येतो आणि त्यावर मापं तेवढी नसतात. सुरतेतल्या प्लॉटिंगच्या दुकानात असा कागद उजेडाकडे धरून पहिला प्रश्न विचारला जातो तो 'सीटीबी कुठली लावली?' हा. गुजरातीत, हिंदीत, आणि कधीकधी अहिराणी वळणाच्या मराठीतही. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडून ताप्ती खोऱ्यातल्या रेल्वेने आलेली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहताहेत. बापाने माग चालवला आणि मुलगा आयटीआयतून 'ड्राफ्ट्समन सिव्हिल' होऊन एखाद्या आर्किटेक्टकडे कॅडवर बसला, असं घर तिथे शोधावं लागत नाही.

सीटीबी ही एक छोटी फाइल. ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये १ ते २५५ असे क्रमांक दिलेले रंग असतात: १ लाल, २ पिवळा, ३ हिरवा, ४ आकाशी, ५ निळा, ६ जांभळट गुलाबी, ७ पांढरा, जो कागदावर काळा होतो. पडद्यावरच्या यांतल्या प्रत्येक रंगाची कागदावर कोणती रेघ व्हावी, ते या फाइलीत लिहिलेलं असतं. छापायचा रंग कोणता, जाडी किती मिलिमीटर, रेघ पूर्ण गडद की फिकट, एवढाच मजकूर. ही फाइल लावलीच नाही, तर पडद्यावरचे रंग जसेच्या तसे कागदावर उतरतात आणि पिवळी मापं हरवतात.

रंगावरून जाडी ठरवायची, ही रीत वरवर विचित्र वाटते. तिचं मूळ पेन-प्लॉटरमध्ये आहे. डिसेंबर १९८२मध्ये ऑटोकॅड बाजारात आलं, तेव्हा नकाशा छापणाऱ्या यंत्रात खरोखरची पेनं बसवलेली असत. यंत्राचा हात एक पेन उचलायचा, त्याच्या वाट्याच्या रेघा ओढायचा, ते परत ठेवून दुसरं घ्यायचा. पडद्यावरचा लाल म्हणजे एक नंबरचं पेन, पिवळा म्हणजे दोन नंबरचं. इंकजेट प्लॉटर आले तशी पेनं गेली, पण हिशेब राहिला. १९९९ साली आलेल्या 'ऑटोकॅड २०००'ने तो सीटीबी फाइलीत बांधून दिला. अजूनही बरीच जुनी माणसं तिला 'पेन टेबल'च म्हणतात.

त्याआधी हे काम हाताचं होतं. ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगच्या पेनांनी शाई ओढायची आणि अमोनिया प्रिंट काढायच्या. त्या पेनांचे आकार ज्याने ठरवले, त्याच्या अकलेला दाद द्यायला हवी. ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७, १.० मिलिमीटर: प्रत्येक पुढचं पेन आधीच्यापेक्षा सुमारे १.४१ पट जाड, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतकं. ए४, ए३, ए२, ए१ या कागदांच्या बाजूही याच प्रमाणात वाढतात. म्हणून ए१चं ड्रॉइंग ए२वर आणलं, की ०.५ची रेघ ०.३५ होते, ए३वर आणलं, की ०.२५ होते. दोन्ही वेळी ती त्याच मालिकेत बसते आणि जाड-बारीक यांचं नातं तुटत नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या 'एसपी ४६' या विद्यार्थ्यांसाठीच्या पुस्तिकेतही हीच मालिका आहे. जाड रेघ बारीक रेघेच्या किमान दुप्पट असावी, असंही तीत सांगितलं आहे. आयटीआयतल्या मुलांना हे शिकवतात. ऑफिसात आल्यावर मात्र कुणाची तरी जुनी सीटीबी पेनड्राइव्हवरून मिळते आणि तीच वर्षानुवर्षं चालते. मला हे खटकतं. कारण रेघेची जाडी ही मापाइतकीच महत्त्वाची माहिती आहे.

नऊ इंची भिंतीचंच पाहा. २३० मिलिमीटरची ही भिंत १:१०० प्रमाणात कागदावर २.३ मिलिमीटर रुंद येते. दोन्ही कडांना ०.५ची रेघ दिली, तरी मध्ये १.८ मिलिमीटर मोकळे राहतात. भिंत भरीव, कापलेली, ठळक दिसते. आता साडेचार इंची भिंत घ्या आणि प्रमाण १:२०० करा. ती कागदावर जेमतेम ०.५७ मिलिमीटर भरते. त्याच ०.५च्या दोन रेघा तिथे ओढल्या, तर मध्ये काही उरतच नाही आणि भिंतीची एकच काळी पट्टी होते. तिथे ०.२५ची रेघ हवी. म्हणजे १:१००ची सीटीबी १:२००ला चालत नाही, आणि ज्या ऑफिसात सगळ्या प्रमाणांना मिळून एकच फाइल आहे, तिथे कुठलं तरी एक ड्रॉइंग कायम चुकीचं छापलं जातं. छेद घेतलेले कॉलम आणि भिंती सगळ्यात जाड, पलीकडे दिसणारे दरवाजे-पायऱ्या मध्यम, मापांच्या रेघा बारीक, हॅचच्या भरणरेघा त्याहून बारीक: हा क्रम कागदावर नीट उतरला, तर सेंटरिंगवाल्याला कॉलम कुठला आणि फर्निचर कुठलं, हे विचारावं लागत नाही.

शिवाय एकाच नकाशाचे वाचक अनेक. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार परवानगीच्या नकाशात नवं बांधकाम लाल भरायचं, पाडायचा भाग पिवळ्या हॅचने दाखवायचा, सांडपाण्याची लाइन तुटक लाल, रस्ता हिरवा, प्लॉटची हद्द जाड काळी. रजाचिठ्ठीसाठी, म्हणजे बांधकामाच्या परवानगीसाठी, सुरत महापालिकेकडे जाणाऱ्या प्रतीत असे रंग बोलायला हवेत. तोच नकाशा वेसूच्या साइटवर गवंड्याच्या हाती जाताना सगळा काळा हवा, कारण तिथे धूळ, ऊन आणि ओल्या सिमेंटचा हात असतो. नकाशा एकच आणि सीटीबी दोन, असं केलं की काम भागतं. त्यासाठी ड्रॉइंगची दुसरी प्रत करून तिचे रंग बदलत बसणं ही शुद्ध वेळेची नासाडी आहे, शिवाय एका प्रतीतली दुरुस्ती दुसरीत राहून जाते.

तिसरा वाचक वीजवाला. पांडेसराच्या प्रोसेस हाउसमध्ये किंवा उधन्याच्या लूम-शेडमध्ये केबलचा मार्ग दाखवायचा, तर शेड आणि यंत्रं फिकी आणि केबल ठळक दिसायला हवी. सीटीबीत 'स्क्रीनिंग' नावाचा आकडा यासाठीच आहे. १०० म्हणजे पूर्ण शाई, शून्य म्हणजे कोरा कागद. इमारतीच्या रंगांना ४० ते ५० द्यावं, केबलच्या रंगाला १००. अग्निशमनाच्या आराखड्याचंही तेच: इमारत करडी, जिने आणि हायड्रंट गडद लाल. मे २०१९मध्ये सुरतेतल्या सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडला आग लागली आणि २२ जणांचा जीव गेला, त्यांत बहुतेक शिकवणीला आलेली मुलं होती. त्या शहरात तरी बाहेर पडायची वाट दाखवणारी रेघ टेबल-खुर्च्यांच्या रेघांइतकीच बारीक छापली जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

बिघाड बहुतेक ठराविकच. सीटीबी ड्रॉइंगच्या पोटात नसते, ती वेगळी फाइल असते. नुसती ड्रॉइंगची डीडब्ल्यूजी फाइल दुकानात पाठवली, तर दुकानदाराच्या संगणकावर सीटीबी सापडत नाही, किंवा त्याच नावाची भलतीच लागते. ऑटोकॅडच्या 'ई-ट्रान्समिट'ने पाठवलं, तर प्लॉट स्टाइलची, म्हणजे सीटीबीची, फाइलही सोबत बांधली जाते. दुसरा घोळ 'मोनोक्रोम' सीटीबीचा. ती सगळं काळं करते, पण जाडी रेघ ज्या लेअरवर, म्हणजे थरावर, आहे त्याच्याकडून घेते. लेअरला जाडी दिलेली नसेल, तर सगळ्या रेघा ०.२५च्या येतात आणि प्रिंट स्वच्छ काळी पण सपाट दिसते. तिसरा घोळ ट्रू-कलरचा. क्रमांकाऐवजी थेट आरजीबी रंग दिला, की त्या रेघेवर सीटीबीचा अंमल चालत नाही आणि काळ्या प्रिंटमध्ये मध्येच एक रंगीत सोफा उमटतो. आणि यादीत सीटीबी दिसतच नसेल, तर ते ड्रॉइंग एसटीबीवर सुरू झालेलं असतं.

एसटीबीत रंगाऐवजी नावाने स्टाइल देतात: 'भिंत', 'माप', 'फिकट'. विचार म्हणून हीच रीत चांगली. पडद्यावरचा रंग कागदाच्या जोखडातून सुटतो. तरीही मी लहान ऑफिसांना सीटीबीच सुचवेन. स्ट्रक्चरल इंजिनिअर, प्लंबिंगवाला, वीजवाला असे सगळे एकमेकांच्या फाइली उघडतात, आणि त्या बहुतेकांकडे सीटीबीच चालते. एका ऑफिसने एसटीबी धरली, की बाकीच्यांना 'कन्व्हर्टपीस्टाइल्स' ही आज्ञा वापरून ड्रॉइंग बदलून घ्यावं लागतं.

आता बरीच ड्रॉइंगं पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर साइटवर पोचतात. पण पीडीएफही प्लॉटच असतो. सीटीबी चुकली, तर मोबाइलवरही पिवळी मापं दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक ऑफिसने एक चाचणीचा कागद काढावा: वापरातल्या प्रत्येक रंगाची एक आडवी रेघ, शेजारी तिचा क्रमांक, जाडी, स्क्रीनिंग आणि ती कशासाठी आहे ते. तो आपल्या प्लॉटरवर छापावा आणि नेहमीच्या दुकानातही छापून घ्यावा. ०.१३ची रेघ एका यंत्रावर स्वच्छ येते, दुसऱ्यावर तुटते. मग तिथल्यासाठी ती ०.१८ करावी लागते. नवा मुलगा कामाला लागला, की पहिल्या दिवशी त्याच्या हाती आधी हा कागद द्यावा, लेअरची यादी त्यानंतर.