धंदा कुणाच्या नावावर, जबाबदारी कुणाच्या अंगावर?

गिरणी, रेल्वे, गोदी, नगरपालिका आणि सरकारी कचेऱ्या यांच्या पगारावर आपल्या मागच्या दोन-तीन पिढ्यांचे संसार उभे राहिले. आता ते दिवस सरले. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, नगरपालिकांत कंत्राटी पद्धत आली, सरकारी भरती रोडावली. त्यामुळे आपले तरुण आणि आपल्या भगिनी धंद्यात उतरू लागल्या आहेत. कुणी मंडप-डेकोरेशनचे काम घेतो, कुणी बांधकामाला वाळू-विटा पुरवतो, कुणी घरी मसाले-पापड करून विकते, कुणी संगणकाच्या कामाची कंपनी काढते. ही निश्चितच अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु एक उणीव आहे. व्यापारी घरातले पोर लहानपणीच गल्ल्याशेजारी बसते. उधारी कुणाला द्यावी, चेक कसा घ्यावा, कोणत्या कागदावर सही करू नये, हे त्याला बापाकडून आयते कळते. आपल्या बाप-आजोबांनी मात्र जन्मभर हजेरीपटावर आणि पगारपत्रकावर सही केली. म्हणून धंद्याचा कायदा आपल्याला कळतो तो वकिलाची नोटीस दारात आल्यावर. तोवर उशीर झालेला असतो.

बाबासाहेबांनी बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस आल्यावर शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरली आणि पेढी बंद पडली. त्या काळी नाव कळले म्हणून धंदा बुडाला. आज उलटा प्रकार दिसतो. आज काही लोक आपल्या नावासाठीच दारात येतात. त्याची कथा आधी सांगितली पाहिजे.

नाव उसने देऊ नका

केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के माल व सेवा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायच्या असतात. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिला उद्योजकांसाठी राखीव आहेत. पेट्रोल पंप व गॅस एजन्सीच्या वाटपातही आरक्षण असते. बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या बांधवांना १९९० च्या दुरुस्तीने हा दर्जा मिळालेला आहे, तेव्हा या तरतुदी आपल्यासाठीही आहेत.

मात्र हक्क आला की हक्काचे दलालही येतात. एखादा कंत्राटदार ओळखीने घरी येतो. "ताई, फर्म तुमच्या नावावर काढू. भांडवल माझे, धावपळ माझी. तुम्ही फक्त सह्या करायच्या, महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम घरपोच मिळेल." घरात पैशाची ओढ असते. पॅन कार्ड, आधार, फोटो आणि दोन-चार सह्या दिल्या जातात. चेकबुकही त्याच्याच पिशवीत जाते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. एकाच मालकाच्या धंद्यात मालक आणि धंदा हे कायद्याच्या नजरेत वेगळे नसतात. धंद्याचे कर्ज म्हणजे मालकाचे कर्ज, धंद्याचा कर म्हणजे मालकाचा कर. तुमच्या पॅनवर जीएसटी क्रमांक काढून कंत्राटदाराने खोटी बिले फाडली, कर भरला नाही आणि तो निघून गेला, तर नोटीस तुमच्या नावाने येते. खाते तुमचे गोठते. "मला काही माहीत नव्हते, मी फक्त सही केली" हा बचाव फार क्वचित तारतो, कारण कागदावर मालक तुम्हीच असता.

शिवाय राखीव वाट्याच्या अटीही स्पष्ट आहेत. एकट्याचा धंदा असेल तर मालक स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा हवा. भागीदारी किंवा खासगी कंपनी असेल तर निदान ५१ टक्के हिस्सा अशा व्यक्तींचा हवा. नाव आपले आणि कारभार दुसऱ्याचा, हे उघडकीस आले तर काम हातचे जातेच, आणि खोटी माहिती दिल्याचा ठपकाही आपल्यावरच येतो.

ज्यांनी पूर्वी अशा सह्या दिल्या असतील त्यांनी आज एवढे करावे. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर पॅन क्रमांक टाकून आपल्या नावावर कुठे नोंदणी आहे का ते पाहता येते. घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला बसवून तपासून घ्यावे. अनोळखी नोंदणी दिसली तर लगेच जीएसटी कार्यालयात व पोलिसांत लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.

मैत्री राहो, पण करारनामा हवा

दुसरा प्रकार भागीदारीचा. समजा, एकाच वस्तीतल्या तिघा मित्रांनी मंडप आणि केटरिंगचा धंदा काढला. एकाने दोन लाख घातले, दुसऱ्याने टेम्पो आणला, तिसरा रात्रंदिवस राबतो. "आपल्यात कसला कागद?" असे म्हणून करारनामा केलाच नाही. पहिली दोन वर्षे बरी जातात. मग पैसे घालणारा म्हणतो, माझा हिस्सा जास्त. राबणारा म्हणतो, मला पगार द्या.

१९३२ च्या भागीदारी कायद्याने याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. करार नसेल तर नफा आणि तोटा सर्वांत समान. काम कितीही केले तरी भागीदाराला पगार मागता येत नाही. म्हणजे दोघांनाही आपापल्या मनातला न्याय मिळत नाही. दुसरे असे की फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्णपणे बांधील असतो. एकाने फर्मच्या नावाने पाच लाखांचा माल उधार उचलला, तर दुकानदार ते सगळे पाच लाख तिघांतल्या कुणाही एकाकडून मागू शकतो. ज्याचे घर आहे, ज्याला पगार आहे, त्यालाच तो आधी गाठतो.

फर्मची नोंदणी सक्तीची नाही, म्हणून बरेच जण ती करत नाहीत. पण कलम ६९ लक्षात ठेवावे. नोंदणी नसलेली फर्म करारातल्या हक्कासाठी बाहेरच्यावर दावा लावू शकत नाही. तिच्यावर मात्र दावा लावता येतो. भागीदारालाही आपसांतल्या हक्कासाठी न्यायालयात जाता येत नाही, फक्त फर्म मोडून हिशेब मागण्याची वाट उरते.

म्हणून मुद्रांकावर करारनामा करावा आणि तो निबंधकाकडे नोंदवावा. त्यात निदान या गोष्टी असाव्यात : कुणी किती भांडवल घातले; टेम्पो किंवा जागा फर्मची की भागीदाराची; नफा-तोट्याचे प्रमाण; काम करणाऱ्याचा मेहनताना; बँकेत सह्या किती जणांच्या; किती रकमेपुढे सर्वांची संमती; कुणी वारल्यास किंवा बाहेर पडल्यास हिशेब कसा. बाहेर पडणाऱ्याने वर्तमानपत्रात व निबंधकाकडे जाहीर सूचना द्यावी. नाहीतर तो अजून भागीदारच आहे असे समजून कुणी माल दिला, तर त्याचे देणे त्याच्याही गळ्यात येऊ शकते.

काही तरुण विचारतात, कंपनी काढली तर? २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी, म्हणजे एलएलपी, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने एका व्यक्तीची कंपनीसुद्धा काढता येते. तिथे सहसा घातलेल्या भांडवलापुरतीच जोखीम असते. पण दरवर्षी विवरणपत्रे भरावी लागतात, न भरल्यास दंड बसतो. आणि बँक कर्ज देताना संचालकाची वैयक्तिक हमी घेते. ती दिली की मर्यादा तेवढ्यापुरती संपली.

जामीन आणि कोरा चेक

मेहुण्याने रिक्षासाठी कर्ज काढले, जामीनदार म्हणून आपण सही केली. "नुसती सही आहे" असे बँकेतला माणूसही म्हणतो. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे जामीनदाराला म्हणता येत नाही. नात्यापोटी जामीन राहू नये असे नव्हे. परंतु ते कर्ज वेळ पडल्यास आपण फेडू शकतो का, हा प्रश्न स्वतःला आणि घरातल्या बाईमाणसाला विचारूनच सही करावी.

कोऱ्या चेकचे तसेच. सावकार किंवा माल देणारा "तारण म्हणून" सही केलेला कोरा चेक मागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या खटल्यात स्पष्ट केले, की स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी तो देण्यापोटीच दिला असे कायदा गृहीत धरतो. तसे नव्हते हे सही करणाऱ्याने सिद्ध करायचे. द्यावाच लागला तर रक्कम व तारीख लिहून द्यावा आणि कशासाठी दिला त्याचा कागद घ्यावा.

आपल्याला मिळालेला चेक न वटल्यास दिवस मोजावे लागतात. चेक तीन महिन्यांत बँकेत भरावा. परत आल्याचे बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस मिळतात. त्यात पैसे आले नाहीत, तर पुढच्या एक महिन्यात फौजदारी तक्रार करावी. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "आज देतो, उद्या देतो" ऐकत ३० दिवस घालवले की हे हत्यार बोथट होते.

बिल अडकले तर

लहान धंदा तोट्याने मरतो त्याहून जास्त वेळा अडकलेल्या पैशाने मरतो. यासाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा कामाचा आहे. माल किंवा सेवा स्वीकारल्यावर लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तक्रार राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे करता येते. परिषदेचा निकाल विरोधात गेला तर आव्हान देण्यापूर्वी खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

मात्र त्यासाठी उद्यम नोंदणी हवी, आणि ती ऑर्डर घेण्यापूर्वीच केलेली बरी. ही नोंदणी आधारवर, सरकारी संकेतस्थळावर, पूर्णपणे मोफत होते. हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटांच्या नादी लागू नये. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : हा उशिराच्या पैशाचा फायदा माल बनवणाऱ्यांना व सेवा देणाऱ्यांना आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती.

किराणा-कापड दुकानदारांनी म्हणून उधारीची वही नीट ठेवावी. उधारीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. त्या मुदतीत गिऱ्हाइकाने देणे लेखी मान्य करून सही केली, तर तिथून नवी तीन वर्षे मोजली जातात. वर्षातून एकदा खात्यावर सही घ्यावी.

गाळा भाड्याने घेताना लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच घ्यावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणीची जबाबदारी जागामालकावर आहे. अनामत रक्कम रोख देऊन पावती न घेणे म्हणजे ती रक्कम दान केल्यासारखेच.

सल्ला फुकट मिळतो

"वकिलाची फी कुठून आणायची?" हा प्रश्न खरा आहे, पण त्याला उत्तर आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेविषयक साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. वाद झाल्यावरच जावे असे नाही. कागद वाचून घेण्यासाठी, सल्ल्यासाठीही जावे.

प्रत्येक धंदेवाईक घराने एक फाईल करावी. तिच्यात करारनामा, भाडेकरार, नोंदण्या, कर्जाचे कागद आणि दिलेल्या प्रत्येक चेकची नोंद असावी. ती फाईल कुठे आहे हे पत्नीला आणि जाणत्या मुलांना माहीत असावे. महिन्यातून एका रविवारी विहारात पाच-सहा धंदेवाले एकत्र बसले आणि त्यांनी एकमेकांचे कागद वाचून पाहिले, तर पुष्कळ नोटिसा टळतील. वाचता येऊ नये म्हणून आपल्या पूर्वजांना शाळेच्या बाहेर ठेवले गेले. आज वाचता येत असून न वाचता सही करणे आपल्याला परवडणारे नाही.