विश्लेषण : भांडुपकरांचे मत नेमके मोजायचे कसे?

निवडणूक असो, पुनर्विकास असो की नवा रस्ता, ‘लोकांचे मत काय’ हे सांगणारी टक्केवारी लगेच मोबाइलवर येऊन पडते. मात्र ती कुणाला विचारून आणि काय विचारून काढली, हे क्वचितच सांगितले जाते. कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्वसनातील घरांसाठी वापरण्याच्या निर्णयाला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. अशा प्रश्नावर स्थानिकांचा कल शास्त्रीय पद्धतीने जाणून घ्यायचा असेल, तर काय करावे लागेल?

किती लोकांना विचारले म्हणजे पुरे?

सर्वसाधारण समजूत अशी, की जितकी माणसे जास्त तितके सर्वेक्षण खरे. १९३६च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. त्यापैकी २० लाखांहून अधिक परत आल्या. त्याआधारे आल्फ्रेड लँडन जिंकतील, असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. साप्ताहिकाने नावे काढली होती प्रामुख्याने दूरध्वनी आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या काळात अशा याद्यांत सुस्थितीतील मतदारांचा भरणा होता. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे यांच्या मतांतही फरक होता. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी खूपच कमी लोकांना विचारून विजेता अचूक सांगितला.

गणित असे सांगते, की योग्य रीतीने, यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या एक हजार व्यक्तींच्या उत्तरांत शंभरपैकी ९५ वेळा साधारण तीन टक्क्यांपेक्षा जास्त चूक होत नाही. ती निम्मी करायची तर चार हजार जणांना विचारावे लागते. विशेष म्हणजे एकूण लोकसंख्या दोन लाख असो वा दोन कोटी, या आकड्यांत फारसा फरक पडत नाही.

मग चूक कुठे होते?

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण खरी ठरते, ती पातेल्यातला भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच. ईशान्य मुंबईचे पातेले तसे नाही. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत येथे शिवसेनेचे (ठाकरे गट) संजय दिना पाटील यांनी भाजपचे मिहीर कोटेचा यांचा २९ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. मतदारसंघात मुलुंड, भांडुप पश्चिम, विक्रोळी, घाटकोपर पूर्व, घाटकोपर पश्चिम आणि मानखुर्द-शिवाजीनगर हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. मुलुंडमध्ये कोटेचांना मोठी आघाडी मिळाली होती, तर मानखुर्द-शिवाजीनगरमध्ये पाटील यांना त्याहून मोठी. एखादी चाचणी केवळ मुलुंड स्थानकाबाहेर घेतली असती, तर पाच हजार माणसे विचारूनही निकाल उलटा सांगितला गेला असता.

भांडुपमध्ये अडचण कोणती?

भांडुपच्या आतही हेच चित्र लहान प्रमाणात दिसते. पश्चिमेला डोंगरउतारावरील दाट वस्त्या आणि चाळी, लालबहादूर शास्त्री मार्गालगत जुन्या कारखान्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर, पूर्वेला भांडुपगाव आणि त्यापलीकडे मिठागरे. टॉवरमध्ये सुरक्षारक्षक प्रगणकाला प्रवेशद्वारातूनच परत पाठवतो. वस्तीत दार उघडते, पण दुपारी गेल्यास नोकरदार घरी नसतात. स्थानकाबाहेर उभे राहिल्यास लोकल न पकडणाऱ्या गृहिणी आणि ज्येष्ठ नागरिक सुटतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेल्या अर्जात तर विषयाने पेटलेलेच उत्तर देतात आणि एकच व्यक्ती अनेकदा अर्ज भरू शकते.

यावर उपाय ठरलेला आहे. आधी परिसराचे वस्तीप्रकारानुसार गट पाडायचे, मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावे काढायची आणि ती व्यक्ती भेटली नाही तर संध्याकाळी किंवा रविवारी पुन्हा जायचे. शेजारच्या घरात जो भेटेल त्याला विचारून मोकळे व्हायचे नाही. तरीही महिला किंवा तरुण कमी पडले, तर त्यांच्या उत्तरांना प्रत्यक्ष लोकसंख्येतील प्रमाणानुसार अधिक भार दिला जातो.

प्रश्नाच्या शब्दांनी उत्तर बदलते?

बदलते, आणि बरेच. मिठागरांचेच उदाहरण घेऊ. ‘गरजू कुटुंबांना हक्काचे घर मिळावे म्हणून पडीक मिठागरांची जमीन वापरण्यास तुमची हरकत आहे का?’ या प्रश्नावर ‘नाही’ म्हणणारे भरपूर मिळतील. ‘पाणी, रस्ते आणि लोकलवर आधीच ताण असताना पुराचे पाणी सामावून घेणाऱ्या मिठागरांवर आणखी वस्ती तुम्हाला मान्य आहे का?’ असे विचारले, तरीही ‘नाही’ म्हणणारेच भरपूर मिळतील. दोन्ही ‘नाही’चे अर्थ मात्र परस्परविरुद्ध. प्रश्नकर्त्याला हवे ते उत्तर प्रश्नातच पेरलेले असते.

नीट बांधलेली प्रश्नावली प्रथम विचारते, ‘या निर्णयाबद्दल आपण ऐकले आहे का?’ मग दोन्ही बाजू सारख्याच शब्दसंख्येत मांडून ‘पाठिंबा’, ‘विरोध’ आणि ‘सांगता येत नाही’ असे पर्याय देते. एका प्रश्नात एकच मुद्दा ठेवते. पाणीटंचाईवरचे पाच प्रश्न आधी विचारून मग नव्या घरांबद्दल विचारत नाही, कारण क्रमानेही मन वळते. आणि ती मराठी, हिंदी अशा स्थानिक भाषांत आधी मोजक्या लोकांवर तपासून पाहिली जाते.

टक्केवारीतून जागा का कळत नाहीत?

२०२४च्या लोकसभेत महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांतील फरक अगदी थोडा होता. जागा मात्र महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७. म्हणजे मतांचा अंदाज चांगला असूनही जागांचा चुकू शकतो. देशपातळीवर बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी रालोआला ३५० हून अधिक जागा दिल्या होत्या; मिळाल्या २९३. शिवाय मत स्थिर नसते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भांडुप पश्चिममधून शिंदे गटाचे अशोक पाटील निवडून आले, तेही सात हजारांहून कमी मताधिक्याने. सर्वेक्षण हे त्या दिवसाचे छायाचित्र असते.

हरकती-सूचना म्हणजे सर्वेक्षण नव्हे?

नव्हे. प्रकल्पांवर मागवल्या जाणाऱ्या हरकती-सूचना हा नागरिकांचा हक्क आहे आणि त्यातून अनेकदा नेमके आक्षेप पुढे येतात. पण त्या स्वतःहून लिहिणाऱ्यांच्या असतात. त्यांची मोजदाद करून ‘इतके टक्के भांडुपकर विरोधात’ किंवा हरकती कमी आल्या म्हणून ‘लोकांचा पाठिंबा’ असे म्हणणे, दोन्ही चूक.

वाचकाने काय तपासावे?

सर्वेक्षण कुणी केले, खर्च कुणी केला, किती जणांना, कसे निवडून, कोणत्या तारखांना विचारले, आणि प्रश्नाचे मूळ शब्द काय होते. यांपैकी काहीच दिलेले नसेल, तर ती टक्केवारी पुढे पाठवण्याआधी थांबावे. परिसराचे भवितव्य ठरवताना ‘लोकांनाच हे हवे आहे’ असा दाखला दिला जातो, तेव्हा तो आकडा कसा काढला, हे विचारण्याचा अधिकार त्या लोकांनाच आहे.